न चाखता घातलेलं मीठ

बहरामशेठ, तुम्ही गेलात त्याला आज अठरा दिवस झाले. शोकसभेत तिघे बोलले. तुम्ही इराणातून किती साली आलात, हॉटेल कधी काढलंत, शाळेला बाकं कशी दिलीत, हे सगळं त्यांनी सांगितलं आणि ते खरंही होतं. पण त्या तिघांपैकी कोणी तुमच्या हॉटेलचा वरचा मजला पाहिलेला नव्हता. तिथल्या खिडकीजवळची चूल आणि चुलीवरचा तो काठ असलेला बिडाचा तवा कुणाला माहीत नव्हता. मी बोललो नाही. मला सभेत बोलता येत नाही, आणि मला जे बोलायचं होतं ते फक्त तुमच्याशी बोलायचं होतं.

चौदा वर्षं मी मिल सुटल्यावर तुमच्याकडे चहा प्यायलो. मी लिंगायत आणि तुमच्याकडे ऑम्लेट, खिमा सगळं चालायचं. पहिल्या आठवड्यातच तुम्ही माझ्यासाठी एक निळ्या काठाचा कप वेगळा ठेवलात. मी सांगितलं नव्हतं. एकदा पोऱ्याने दुसरा कप आणला, तर तुम्ही गल्ल्यावरून ओरडलात, "अरे, मल्लप्पाचा कप कुठाय? त्याचा देव गळ्यात असतो, आपल्यासारखा वर नाही!" सगळं हॉटेल हसलं. मीही हसलो. तेव्हापासून मी पुरता तुमचा झालो.

आपलं भांडण मात्र पहिल्या महिन्यातच सुरू झालं. मी मिलमध्ये सूत तपासतो. एकशेवीस वार सुताची लच्छी घ्यायची, काट्यावर टाकायची, वजनावरून सुताचा नंबर काढायचा. एक लच्छी घेऊन भागत नाही, चार-पाच घ्याव्या लागतात. तुमच्याकडे चहाची पूड मुठीने पडायची. मी म्हणायचो, सोमवारचा चहा कडक होता, मंगळवारचा फिका, जोखून टाका. तुम्ही म्हणायचात, "सोमवारी ऊन होतं, मंगळवारी ढग होते. तुझ्या काट्याला ढग दिसतात का?" मी पितळी काटा आणून दिला. तुम्ही तो चौदा वर्षं गल्ल्याजवळ ठेवलात, पुसून लख्ख ठेवलात, आणि एकदाही वापरला नाहीत. मला "तराजूसाहेब" म्हणायला मात्र तो काटा पुरला.

रविवारी तुम्ही स्वतः रांधायचात. वहिनी गेल्यापासून आठवड्यातलं ते एकच जेवण तुम्ही हाताने करत होतात. मी खिडकीत बसून बघायचो. मोठ्याच्या मटणाचा खिमा, किसून घट्ट पिळलेला कांदा, हळद, मिरी. एवढंच. ते मळायचं, तव्यात थापायचं, वरून मीठ भुरभुरायचं, सुरीने पट्ट्या पाडायच्या. खाली लाल झालं की उलटायचं आणि वर टोमॅटो, ढोबळी मिरची, बटाट्याच्या चकत्या लावून झाकण टाकायचं. कबाब-ताबेई, असं नाव तुम्ही सांगितलंत. ताबे म्हणजे तवा. यज्दजवळच्या तुमच्या गावात सणाला गाय कापली की तुमची आई हे करायची. इथे म्हशीवर भागवावं लागतं, ही तुमची कुरकूर. मी म्हणालो, "हे तर मांसाचं थालीपीठ झालं." तुम्ही सुरी रोखलीत माझ्यावर. "तुझ्या थालीपिठाला नाव ठेवू का मी?"

मग तुमचा उजवा हात गेला. गल्ल्यावर बसल्या बसल्या हातातून पैसे सांडले आणि तुम्हाला वाटलं, मुंग्या आल्यात. डॉक्टरांनी तोंड वाचलं, पाय वाचला म्हणून समाधान मानायला सांगितलं. जिन्यात मला थांबवून ते म्हणाले, "तुमचं ऐकतील. मीठ निम्म्याच्याही खाली आणा. पुढचा झटका यायला नको."

तुमचं जेवण तुटलं. तुमच्या करीमचाचाने, तीस वर्षं तुमच्या हॉटेलची भट्टी सांभाळणाऱ्या माणसाने, प्रयत्न केला. त्याच्या हाताला आलं-लसूण टाकल्याशिवाय चैन पडत नाही. तुम्ही एक घास घेतलात आणि डाव्या हाताने ताट सरकवलंत. "हा खिमा झाला रे करीम. चांगला झाला. पण हा खिमा झाला." पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी तुम्ही माझ्या हातांकडे बघत म्हणालात, "मल्लप्पा, तुझे दोन्ही चालतात की."

मला समजलं. मी म्हणालो, "शेठ, माझ्या गळ्यात लिंग आहे."

तुम्ही लगेच म्हणालात, "बरं, राहू दे." पुन्हा तो विषय काढला नाहीत. पण त्या दिवशी तुम्ही पाव चहात बुडवून तेवढाच खाल्लात, आणि मला ते घरी जाईपर्यंत डोळ्यांपुढून हललं नाही.

घरी बायकोला सांगितलं. माझी अपेक्षा होती की ती "शिवा शिवा" म्हणेल आणि प्रश्न सुटेल. ती मंद्रूपची, माहेरी आमचे गुरू, जंगम, येऊन जाऊन असायचे. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "दुष्काळात कुणाचं पाणी प्यायलाव आपण?"

"त्यांचं."

"रोज दोन घागरी. त्यांच्या आडाचं. त्या पाण्यानं मी पूजा केली, लेकरं धुतली. आड त्यांचा न् तवाबी त्यांचाच, मग तवाच तेवढा बाटतो व्हय?"

"तसं नाही..."

"तुमी खाणार हाय का ते?"

"नाही."

"मग काय? हात धुतले की निघतंय. करून या. परसात आंघोळ करा, मग आत या. धोतर वेगळं ठेवा." थोड्या वेळाने म्हणाली, "आन् घरचा काटा तितं न्यायचा न्हाई हां. तेवढं सांगते."

म्हणून मी तुमचाच काटा वापरला. चौदा वर्षांनी त्याला काम मिळालं.

पहिला रविवार मला मिनिटामिनिटाने आठवतो. करीमचाचाने अर्धा किलो खिमा आणून ठेवला होता. मी आयुष्यात पहिल्यांदा मांसाला हात लावला. ते गार होतं, एवढंच लक्षात राहिलं. मी भिंतीकडे बघत मळायला लागलो. तुम्ही खुर्चीतून म्हणालात, "भिंत काय शिजवायचीय? इकडे बघ. जनावर गेलंय त्याच्यात. हात घातलास तर बघून घाल." मी बघितलं. मग पुढे कधी मान फिरवली नाही.

"किती वेळ मळायचं?"

"हाताला चिकटेपर्यंत."

"म्हणजे किती मिनिटं?"

"या खुदा! करीम, याला घड्याळ दे."

सात मिनिटं लागली. वहीत लिहिलं. दोनशे ग्रॅम कांदा पिळल्यावर एकशेतीस भरला. तेही लिहिलं. थापायची वेळ आली तेव्हा मला भीती होती, पण माझा हात मधून कडेकडे आपोआप फिरत गेला. बावीस वर्षं जेवताना समोर भाकरी थापलेली बघतोय, ते हातात उतरलं असावं. तुम्ही खुर्चीतून पुढे वाकलात. "अरे! हा तर येतो तुला. कुठे शिकलास?" मी सांगितलं. तुम्ही म्हणालात, "मग बायको मोठी कारागीर आहे. तुझ्यासारख्याला बघून बघून आलं, म्हणजे विचार कर." करीमचाचा तोंडावर फडकं धरून हसला.

मिठाला आलो आणि अडलो. मी चाखणार नव्हतो. दुसरा कुणी कच्चं मांस चाखणार नव्हता. तुम्ही म्हणालात, "अंदाजाने टाक." मी म्हणालो, अंदाज हा चाखणाऱ्या माणसाला असतो, मला आकडा पाहिजे. तेव्हा तुम्ही डाव्या हाताने डब्यातलं मीठ घेऊन कागदावर ठेवलंत. मी तीनदा घ्यायला लावलं. नऊ, अकरा, दहा. सरासरी दहा ग्रॅम. वहीत "मीठ १०" असं लिहून त्याखाली रेघ मारली.

आणि मग, शेठ, मी तव्याकडे वळलो आणि चार ग्रॅम टाकलं.

डॉक्टरांचे शब्द कानात होते. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं नसतं. मी मिलमध्ये एका नंबरचं सूत दुसऱ्या नंबरावर कधी चढवलेलं नाही, साहेबांनी सुचवलं तरी नाही. तुमच्या चुलीपाशी मात्र वहीत एक आणि तव्यात एक असं केलं. आपण उपकार करतोय असं वाटत होतं, आणि चोरी करतोय असंही.

पट्ट्यांना पाणी सुटलं, आटलं. उलटल्या. टोमॅटो पालथे ठेवले, मिरच्या, बटाटे लावले, झाकण टाकलं. अकरा मिनिटं. तुम्ही डाव्या हाताने पहिला तुकडा उचललात. बराच वेळ चावत होतात. मी विचारलं, "कसं झालंय?"

"एवढं वजन करून केलंस. बरोबरच असणार."

मला ती शाबासकी वाटली होती.

त्यानंतर एकही रविवार चुकला नाही असं म्हणणार नाही, दोन चुकले. एकदा मुलीला बघायला वैरागहून पाहुणे आले, एकदा मी तापाने पडलो. बाकी मी चार वाजता हजर. तिसऱ्या रविवारी बायकोने फडक्यात दोन भाकरी बांधून दिल्या. "पाव काय खातात सारखा. आजारी माणूस हाय." तुम्ही त्या भाकरीने तव्यातला टोमॅटोचा रस पुसून खाल्लात, आणि तेव्हापासून आधी भाकरी आली का हे विचारायचात, मग माझी तब्येत. माझ्या परसातल्या आंघोळीची तुम्ही थंडीत फार चौकशी केलीत. "आज गार पाणी होतं की गरम?" गार, म्हटलं की खूश व्हायचात. "बघ करीम, माझ्यासाठी किती सोसतो."

तुम्ही खात होतात. गालावर थोडं मांस आलं. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब उतरलाय. मी ते ऐकून मनात माझे चार ग्रॅम मोजले आणि अभिमान वाटला. पण तुमच्यासमोर ती वही उघडायची वेळ आली की "मीठ १०" हे पान मी पटकन उलटायचो. रविवारमागून रविवार गेले. सांगावं, असं दर वेळी जिना चढताना वाटायचं. उतरताना वाटायचं, पुढच्या वेळी.

तो शेवटचा रविवार. एकतिसावा. गुरुवारी तुम्ही जाणार होतात हे कुणाला माहीत? तुम्ही त्या दिवशी दाढी करून घेतली होती. मी कांदा पिळत होतो. तुम्ही सहज आवाजात म्हणालात, "मल्लप्पा, आज पूरं टाक."

"काय पूरं?"

"मीठ."

मी कांदा खाली ठेवला. करीमचाचा जिन्यात होता, तो तिथेच थांबला.

"तीस रविवार चोरलंस. आज नको."

"शेठ, तुम्हाला..."

"अरे, चाळीस वर्षं मी लोकांना खायला घालतोय. मीठ किती आहे हे मला कळणार नाही?"

"मग बोललात का नाही?"

"काय बोलू? तू खात नाहीस, चाखत नाहीस, गार पाण्याने आंघोळ करतोस. वर भिऊन भिऊन माझ्या तव्यात मीठ टाकतोस. मी काय बोलू तुला?" मग हसलात. "पहिल्या दिवशी बोललो होतो की. वजन करून केलंस, बरोबरच असणार. तुला टोमणा कळत नाही, त्याला मी काय करू?"

खाली प्रत्येक टेबलावर मीठदाणी होती. करीमला एक हाक मारली असती तर ती वर आली असती. तीस रविवार तुम्ही ती हाक मारली नाही. हे मला त्या क्षणी कळलं आणि डोळ्यांतलं पाणी कांद्यावर ढकलता आलं, हे बरं झालं.

मी डॉक्टरांचं नाव काढलं. तुम्ही म्हणालात, "डॉक्टर हुशार आहे. तीस रविवार त्याचं ऐकलं. एक माझा. दहाचे दहा टाक. तुझ्या वहीत लिहिलंय ना? मग."

आता जे लिहितोय ते तुम्हाला माहीत नाही.

मी तुमच्याकडे पाठ करून काटा घेतला. दहा ग्रॅमला चार वजनं लागतात. पाचचं एक, दोनची दोन, एकचं एक. मी दोनचं एक वजन मुठीत ठेवलं. आठ ग्रॅम टाकलं. दहा टाकायचं धाडस झालं नाही आणि चार टाकायची लाज वाटली. माणूस शेवटचं काही मागत असावा असं मला वाटलं असतं, तर... पण तसं वाटलं नव्हतं. मला वाटलं होतं, अजून पुष्कळ रविवार आहेत आणि ते सांभाळायला हवेत.

तुम्ही खाल्लंत. पहिल्या घासाला हात थांबला. तुम्ही तुमच्या भाषेत काहीतरी बोललात, मला उद्देशून नाही. मग म्हणालात, "हेच. हेच रे." करीमचाचाला बोलावून एक तुकडा त्याच्या हातावर ठेवलात आणि म्हणालात, "खा, माझ्या आईने केलंय." पट्ट्या संपल्या, टोमॅटो संपले, भाकरी फिरवून तवा कोरडा केलात. मला म्हणालात, "बघ, दहा म्हणजे दहा. हरलो मी. तुझा काटा जिंकला." आणि मी, मुठीत दोनचं वजन धरून, मान डोलावली.

चार दिवसांनी तुम्ही दुपारी झोपेत गेलात.

सतरा दिवस मी तेवढंच घेऊन फिरलो. तुम्ही एकच गोष्ट मागितली होती, साधी, आकड्यात सांगता येईल अशी, आणि मी ती दोन ग्रॅमने कमी दिली. तुम्ही माझ्या शब्दावर "हेच" म्हणालात असं वाटत राहिलं. तुमची जीभ म्हातारी झाली होती, आजारी होती, मी तिला फसवलं, असं वाटत राहिलं. कधी वाटायचं, ते दोन ग्रॅमही तुम्हाला कळले असतील आणि तीस रविवारांसारखं तुम्ही तेही सोडून दिलं असेल. मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "कुणाला तरी करून घाला एकदा. मन हलकं हुईल."

म्हणून काल, रविवारी, मी चार वाजता वर गेलो. अंत्यविधीला आलेला तुमचा भाचा पुण्याला परत गेलाय. हॉटेल तूर्त करीमचाचा बघतो. मी सांगितलं, आज शेठच्या नावाने करायचंय, तू खायचंस. अर्धा किलो खिमा, एकशेतीस कांदा, सात मिनिटं. चारही वजनं काट्यात लावली, पाच, दोन, दोन, एक, आणि ते सगळं मीठ तव्यात गेलं. तुमच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून टाकलं. अकरा मिनिटांनी झाकण काढलं, ताट वाढलं.

करीमचाचाने घास घेतला. चावला. माझ्याकडे बघितलं. दुसरा घेतला आणि सरळ माठाकडे गेला.

"क्या हुआ?"

"साब, बुरा नक्को मानो. नमक जादा हो गया."

"जादा? कितना जादा?"

"भोत. खारा हो गया साब." पाणी पिऊन तो म्हणाला, "शेठ के आखरी इतवार का बराबर था. एकदम बराबर. पैले जब शेठ सीधे हात से बनाते थे ना, वैसाच. आज तुमारा हात हिल गया क्या?"

मी ओट्याला टेकून बसलो. मग मला दिसलं, पहिल्याच दिवशी मी काय केलं होतं. जो हात चाळीस वर्षं मीठ टाकत होता, तो हात निर्जीव होता. मी तुमच्या डाव्या हाताला मीठ घ्यायला लावलं, ज्याने कधी तव्यात मीठ टाकलंच नव्हतं, आणि त्याची तीनदा सरासरी काढून रेघ मारली. नमुनाच चुकीचा घेतला होता, शेठ. मिलमध्ये मी नव्या मुलांना रोज सांगतो, आधी नमुना बघा. दहा हा आकडा कधी खरा नव्हताच. मी भिऊन दोन ग्रॅम काढले आणि तेवढेच जादा होते.

म्हणजे तुम्ही माझ्या शब्दावर "हेच" म्हणाला नव्हतात. तुमची जीभ शाबूत होती. काटा जिंकला असं तुम्हाला वाटलं, तेवढंच खोटं. तुम्ही त्या रविवारी जे खाल्लंत ते तुमच्या आईचंच होतं.

करीमचाचाने बटाटे आणखी चिरले, पाणी घातलं, सगळं सारखं केलं आणि खालच्या पोरांना वाढलं. मी वही काढली. "मीठ १०" वर काट मारली आणि शेजारी "८" लिहिलं. मग घरी जाऊन परसात गार पाण्याने आंघोळ केली. बायकोने आतून विचारलं, "झालं का मन हलकं?" मी म्हणालो, झालं.